नवी फाइल सिस्टिम बनवूनही डिस्क वारंवार ‘वापरात आहे’ असे सांगते तेव्हा

लक्षण असे असते. लिनक्सच्या संगणकाला एक जुनी, पण चालू स्थितीतली डिस्क जोडलेली असते. तिच्यावर पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) पाडून कमांड लाइनवरून नवी फाइल सिस्टिम (फाइली ठेवण्याची रचना) बनवायला गेले, की ‘हे उपकरण प्रणालीच्या वापरात दिसते, इथे फाइल सिस्टिम बनवणार नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि कमांड थांबते. थोडी खटपट केल्यावर ती एकदाची बनते, फाइली उतरतात, चार दिवस काम सुरळीत चालते. मग कधीतरी वीज जाते, संगणक पुन्हा सुरू होतो आणि डिस्क काही जोडली जात नाही. हाताने माउंट करू, म्हणजे एखाद्या फोल्डरवर जोडू, पाहिले, तर ती आधीच जोडलेली आहे किंवा व्यस्त आहे, असे उत्तर मिळते.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात हाच प्रकार पंधरा दिवसांत तीनदा झाला आणि तिन्ही वेळा मलाच जावे लागले. तिथे उबंटू सर्व्हर चालवणारा एक साधा संगणक आहे. जेकार्डच्या नक्षीच्या फाइली, नमुन्यांचे फोटो आणि मागणीची पत्रके त्याच्यावर राहतात. जागा कमी पडू लागली म्हणून मालकांनी साखर पेठेतल्या जुन्या कार्यालयातली १ टीबीची डिस्क आणून दिली. ‘नवी कशाला घ्यायची, ही चांगली चालते,’ हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. स्मार्टच्या, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या प्रकृतिनोंदींच्या, तपासणीत डिस्क खरोखरच निर्दोष निघाली.

पुढे जाण्यापूर्वी एक सूचना करतो. या लेखातल्या कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या नेहमीप्रमाणे लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत (0 ते 9) टाकायच्या आहेत; अक्षर मोठे हवे तिथे तसे सांगितले आहे. मधली चिन्हे आणि मोकळ्या जागा मात्र दिल्या आहेत तशाच ठेवाव्यात.

पहिल्या भेटीत मी काय केले ते आधी सांगतो, कारण बहुतेक जण तेच करतात. पार्टिशन पाडले आणि

सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ /डेव्ह/एसडीबी१

अशी, ईएक्सटी४ या प्रकारची फाइल सिस्टिम बनवणारी कमांड दिली. एसडीबी हे लिनक्समधले त्या डिस्कचे नाव आणि एसडीबी१ हे तिच्यावरचे पहिले पार्टिशन. नकार आला. डिस्कवर कोण बसले आहे हे पाहण्यासाठी ‘एलएसबीएलके’ चालवले, तेव्हा एसडीबीच्या खाली एमडी१२७ नावाचे एक उपकरण लटकलेले दिसले. लिनक्समध्ये एमडी म्हणजे सॉफ्टवेअर रेड, अनेक डिस्क एकत्र जोडून एकच डिस्क म्हणून वापरण्याची सोय. हे उपकरण मी बनवलेले नव्हते, त्या कारखान्यात कोणी बनवण्याची शक्यताही नव्हती. घाईत होतो. ‘सुडो एमडीअ‍ॅडम --स्टॉप /डेव्ह/एमडी१२७’ अशी कमांड देऊन ते थांबवले आणि पार्टेड या प्रोग्रामने नव्याने पार्टिशन पाडले. तेवढ्या क्षणात एमडी१२७ परत हजर झाले, म्हणून ते पुन्हा थांबवले आणि लगेच फाइल सिस्टिम बनवली. बनली. माउंट केली, फाइली उतरवल्या, चहा घेतला आणि निघालो. नको असलेले उपकरण दोनदा थांबवावे लागले यातच खरे उत्तर होते, पण कारण शोधायचे सोडून मी लक्षण दाबून टाकले होते.

चौथ्या दिवशी दुपारी कारखान्यात वीज गेली. यूपीएसची बॅटरी जुनी होती, त्यामुळे संगणकही गेला, आणि वीज आल्यावर तो सुरू झाला तेव्हा नक्षीचा फोल्डर रिकामा दिसत होता. डिझायनरचा फोन आला, ‘दादा, सगळी डिझाइन्स उडाली.’ उडाली नव्हती. माउंट न झाल्यामुळे त्याला फक्त मूळ डिस्कवरचा रिकामा फोल्डर दिसत होता. असा फोन आला तर सर्वांत आधी एकच गोष्ट सांगावी: त्या रिकाम्या फोल्डरमध्ये काहीही नवे ठेवू नका. तिथे ठेवलेल्या फाइली मूळ डिस्कवर पडतात आणि नंतर खरी डिस्क जोडली गेली की तिच्याखाली झाकल्या जातात; मग त्या सापडत नाहीत, आणि मूळ डिस्कची जागा कशाने भरली याचा शोध महिनाभर चालतो.

आता कारण पाहू. नवी फाइल सिस्टिम बनवणे म्हणजे डिस्क कोरी करणे, हा समज फार खोल रुजलेला आहे. १ टीबीच्या डिस्कवर ईएक्सटी४ बनायला काही सेकंद पुरतात, यावरूनच लक्षात यावे की कमांड सगळ्या डिस्कवर लिहीतच नाही. ती फाइल सिस्टिमचा मथळा म्हणजे सुपरब्लॉक, त्याच्या ठरावीक अंतरावरच्या प्रती, गटांची वर्णने आणि जर्नल (बदलांची नोंदवही) अशा मोजक्या गोष्टीच लिहिते. आयनोडची (प्रत्येक फाइलच्या नोंदीची) कोष्टके पूर्ण शून्य करण्याचे काम तर आजकाल माउंट केल्यानंतर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मागच्या मागे करत राहतो. म्हणूनच नव्या डिस्कचा दिवा कोणीही काही करत नसताना बराच वेळ लुकलुकत असतो. बाकी सगळे जुने बाइट जागच्या जागी असतात. मालकांना हे समजावताना मी त्यांच्याच धंद्यातला दाखला दिला. मागावरचा बीम (ताण्याचा म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ) बदलतात तेव्हा जुन्या ताण्याची टोके काढून टाकत नाहीत, नव्या ताण्याला गाठी मारण्यासाठी ती तशीच ठेवतात. डिस्कवरही जुनी टोके राहतात. फरक इतकाच, की इथे त्यांना कोणी गाठ मारावी अशी आपली इच्छा नसते.

या डिस्कवर राहिलेले टोक रेडच्या सुपरब्लॉकचे होते. जुन्या कार्यालयात दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या, म्हणजे रेड १ पद्धतीने, जोडलेल्या होत्या आणि तो रेड पार्टिशनवर न करता सबंध डिस्कवर केलेला होता. साधारण २०१० पर्यंत एमडीअ‍ॅडम हा रेड सांभाळणारा प्रोग्राम ठरलेला प्रकार म्हणून ०.९० आवृत्तीचा सुपरब्लॉक लिहीत असे. हा प्रकार आपली खूण डिस्कच्या सुरुवातीला ठेवत नाही. तो ती शेवटी ठेवतो, शेवटच्या टोकापासून ६४ ते १२८ केआयबीच्या दरम्यान (१ केआयबी म्हणजे १०२४ बाइट). पुढे ठरलेला झालेला १.२ हा प्रकार सुरुवातीपासून ४ केआयबीवर असतो, आणि डिस्कवर जीपीटी हे पार्टिशनच्या नोंदींचे कोष्टक लिहिले की त्याच जागेवर नोंदी पडत असल्यामुळे तो आपोआप पुसला जातो. ०.९० ची ही सोय नाही.

इथे थोडे गणित करावे लागते, आणि माझ्या मते सगळी गंमत त्यातच आहे. १ टीबीच्या या डिस्कमध्ये ५१२ बाइटचे १९५३५२५१६८ सेक्टर आहेत. पार्टेडला ‘१ एमआयबीपासून १०० टक्क्यांपर्यंत’ असे सांगून पार्टिशन पाडले, की तो १ एमआयबीच्या (१०२४ केआयबीच्या) पटीत बसणाऱ्या जागी थांबतो. या डिस्कवर तो १९५३५२३७११ क्रमांकाच्या सेक्टरवर थांबला. म्हणजे पार्टिशनच्या पलीकडे ७२८ केआयबीची शेपटी मोकळी राहिली. जीपीटी कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या १६.५ केआयबीत बसते. रेडचा सुपरब्लॉक ६४ केआयबीच्या पटीत बसवण्याचा नियम लावला, तर या डिस्कवर तो शेवटापासून ८८ केआयबीवर येतो. म्हणजे तो पार्टिशनच्या बाहेर आहे आणि जीपीटीच्या प्रतीच्याही अलीकडे आहे. दोन कुंपणांच्या मधल्या बोळात सुरक्षित बसलेला. ईएक्सटी४ बनवणारी कमांड प्रत्यक्षात बरीच शहाणी आहे, ती आपल्याला दिलेल्या पार्टिशनचे शेपूटही अशा जुन्या खुणांसाठी पुसून घेते. पण तिला एसडीबी१ दिलेले असते, एसडीबी नव्हे, त्यामुळे त्या बोळापर्यंत तिचा हात पोचत नाही.

पुढचे सगळे यूडेव्ह, म्हणजे उपकरणांवर लक्ष ठेवणारा लिनक्सचा भाग, करतो. संगणक सुरू होताना, किंवा कोणीतरी सबंध डिस्कवर लिहून ती बंद केल्यावर, यूडेव्ह तिच्यावरच्या खुणा पुन्हा तपासतो. त्याला रेडची खूण दिसते, तो डिस्क एमडीअ‍ॅडमच्या हवाली करतो आणि एमडी१२७ उभे राहते. जोडीची दुसरी डिस्क नसल्यामुळे ते बऱ्याचदा निष्क्रिय अवस्थेतच पडून राहते, पण निष्क्रिय असले तरी त्याने डिस्क धरून ठेवलेली असते. सबंध डिस्क कोणीतरी धरली, की तिच्यावरचे पार्टिशन दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून एमकेएफएस नाही म्हणते आणि माउंटही व्यस्त म्हणते. काही संगणकांवर तर पार्टिशनचे नावच यादीतून गायब होते आणि सुरू होताना ९० सेकंद वाट पाहून प्रणाली आपत्कालीन अवस्थेत जाते. पहिल्या भेटीत पार्टेड चालवल्याबरोबर एमडी१२७ परत का आले, याचा उलगडा मला इथे झाला: पार्टेडने सबंध डिस्कवर लिहिले होते.

निदान करताना काहीही पुसायचे नाही. प्रथम

एलएसबीएलके -ओ नेम,साइज,मॉडेल,सीरियल,एफएसटाइप,माउंटपॉइंट

या कमांडने डिस्कची ओळख पटवावी आणि सीरियल क्रमांक डिस्कच्या चिकटपट्टीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. हा कंटाळा कधीही करू नये. एसडीए आणि एसडीबी ही नावे कायमची नसतात, केबल बदलली किंवा पेन ड्राइव्ह लावलेला असताना संगणक सुरू केला तरी ती बदलू शकतात. नंतर ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’ पाहावे; त्यात एमडी१२७ च्या ओळीत आपल्या डिस्कचे नाव दिसेल. शेवटी ‘सुडो वाइपएफएस /डेव्ह/एसडीबी’ अशी कमांड द्यावी. नावावरून ती पुसणारी वाटली तरी कोणताही पर्याय न देता चालवल्यास ती फक्त सापडलेल्या खुणांची यादी दाखवते. आमच्या यादीत जीपीटीच्या दोन नोंदी होत्या, तिच्या संरक्षक एमबीआरची (पहिल्या सेक्टरमधल्या जुन्या पद्धतीच्या नोंदीची) एक होती आणि चौथ्या ओळीत, सगळा उलगडा करत, ‘लिनक्स_रेड_मेंबर’ हे शब्द होते.

एलएसबीएलकेमध्ये एमडी दिसले नाही, तर कारण दुसरे आहे. पार्टिशन माउंट झालेले असेल, स्वॅप (मेमरीला जोड म्हणून वापरायची जागा) म्हणून चालू असेल किंवा एलव्हीएमने (डिस्कची जागा वाटून देणाऱ्या व्यवस्थेने) धरलेले असेल; पहिल्या दोन गोष्टी त्याच यादीतल्या माउंटपॉइंटच्या रकान्यात दिसतात आणि तिसरी खाली लटकलेल्या नावावरून कळते. यूमाउंट करताना व्यस्त असल्याचे उत्तर आले, तर ‘फ्यूझर -व्हीएम’ आणि फोल्डरचा पत्ता देऊन कोणता प्रोग्राम तिथे बसला आहे ते पाहावे. बहुतेक वेळा आपण स्वतःच दुसऱ्या खिडकीत त्या फोल्डरमध्ये उभे असतो.

आता एक इशारा. नकार आल्यावर शोधाशोध करणाऱ्याला कोठेतरी सक्तीचा -एफ (मोठे रोमन अक्षर) हा पर्याय सापडतो. ईएक्सटी४ साठी हा पर्याय एकदा दिला, तर वापरात असलेल्या डिस्कवर कमांड तरीही लिहीत नाही. त्यासाठी तो मुद्दाम दोनदा द्यावा लागतो, आणि तसे करणे खरोखर धोक्याचे आहे असे तिच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेले आहे. बनवणाऱ्यांनी एकाच दाराला दोन कड्या लावल्या आहेत. डिस्क कोणी धरली आहे हे कळलेले नसताना त्या दोन्ही काढणाऱ्याला माझ्याकडे उपाय नाही.

दुरुस्तीच्या दिवशी आम्ही संध्याकाळची पाळी संपल्यावर बसलो. डिस्कवर चार दिवसांचे काम होते, म्हणून एमडी१२७ थांबवून पार्टिशन फक्त वाचण्यापुरते माउंट केले, सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या आणि ते पुन्हा यूमाउंट केले. त्यानंतर एमडी१२७ परत आलेले नाही ना हे पाहून ही एक कमांड दिली:

सुडो एमडीअ‍ॅडम --झीरो-सुपरब्लॉक /डेव्ह/एसडीबी

ही कमांड रेडची खूण असलेली जागा शून्य करते, बाकी कशाला हात लावत नाही. शेवटी एसडीबी लिहिले आहे, एसडीबी१ नव्हे, हे नीट पाहावे. हेच काम वाइपएफएसनेही होते, पण त्यात ‘सगळ्या खुणा’ हा पर्याय सबंध डिस्कवर दिला तर जीपीटी कोष्टकही जाते. तो मार्ग घ्यायचाच असेल, तर त्या पर्यायाबरोबर ‘--टाइप्स लिनक्स_रेड_मेंबर’ असा प्रकार नेमून द्यावा आणि जोडीला ‘--बॅकअप’ द्यावे, म्हणजे पुसलेले बाइट एका फाइलमध्ये राहतात. खूण गेल्यावर पुन्हा नुसते वाइपएफएस चालवले. यादीत तीनच ओळी उरल्या होत्या.

फाइल सिस्टिम मात्र पुन्हा बनवावी लागली नाही. खूण पार्टिशनच्या बाहेर होती, त्यामुळे आतल्या ईएक्सटी४ ला धक्का लागण्याचे कारण नव्हते. तरी खात्रीसाठी ‘ई२एफएससीके -एफ’ चालवून ती निर्दोष असल्याचे पाहून घेतले. ज्यांच्या डिस्कवर अजून काहीच उतरवलेले नाही, त्यांनी हा सगळा क्रम उलटा घ्यावा: आधी एमडी थांबवावे, मग खूण पुसावी, त्यानंतर जीपीटी कोष्टक लिहून पार्टिशन पाडावे आणि सर्वांत शेवटी फाइल सिस्टिम बनवावी. बनवताना ‘-एल’ (मोठे रोमन अक्षर) या पर्यायाने डिस्कला नाव देता येते. डिझायनरने हौसेने ते देवनागरीत ‘सोलापूर’ असे सुचवले होते. ईएक्सटी४ च्या नावाला १६ बाइटची मर्यादा आहे, देवनागरीतले प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा ३ बाइट घेते, आणि सोलापूरचे २१ होतात. ‘चादर’ १२ मध्ये बसले असते, पण टॉवेलच्या कारखान्यात ते नाव कोणाला पटले नाही. शेवटी नाव दिलेच नाही.

उरलेली कामे छोटी होती. /ईटीसी/एमडीअ‍ॅडम या फोल्डरमधल्या कॉन्फ फाइलमध्ये या रेडची ‘अ‍ॅरे’ अशी ओळ पडलेली नाही ना, हे पाहिले. ती असेल तर काढून ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवावे लागते. /ईटीसी/एफएसटॅब या, सुरू होताना काय काय जोडायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये मी पहिल्या भेटीत घाईत एसडीबी१ असे नाव लिहिले होते, त्याऐवजी ‘बीएलकेआयडी’ने दाखवलेला यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा न बदलणारा ओळख क्रमांक, लिहिला आणि पर्यायांत ‘नोफेल’ घातले, म्हणजे उद्या डिस्क मिळाली नाही तरी संगणक सुरू व्हायचा अडणार नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना बंद पडलेल्या संगणकासमोर आपत्कालीन अवस्थेतून वाट काढत बसण्यापेक्षा हा एक शब्द स्वस्त पडतो. मालकांनी विचारले म्हणून जागेचाही हिशेब सांगितला: १ टीबी म्हणून विकलेली डिस्क एलएसबीएलकेमध्ये ९३१.५ जी दिसते, कारण विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि कमांड १०२४ च्या. त्यातही ईएक्सटी४ प्रशासकासाठी ५ टक्के, म्हणजे सुमारे ४७ जीआयबी (१ जीआयबी म्हणजे १०२४ एमआयबी) राखून ठेवते. नुसत्या साठ्याच्या डिस्कवर एवढ्या राखीव जागेची गरज नसते, म्हणून ‘सुडो ट्यून२एफएस -एम १ /डेव्ह/एसडीबी१’ देऊन ती १ टक्क्यावर आणली.

पडताळणी करताना ‘माउंट -ए’ला डिस्क जोडली गेली एवढ्यावर समाधान मानू नये, कारण हा दोष संगणक सुरू होतानाच उगवतो. आम्ही संगणक दोनदा रीतसर रीबूट केला आणि एकदा पूर्ण बंद करून, वीज काढून, पुन्हा लावला. तिन्ही वेळा /प्रॉक/एमडीस्टॅटमध्ये एकही एमडी उपकरण नव्हते आणि फोल्डर भरलेला होता.

निघताना मालक म्हणाले, ‘तिची जोडीची दुसरी डिस्क अजून साखर पेठेत पडून आहे. तीही लावू का?’ तिच्यावरही तीच खूण असणार होती, म्हणून ती घाईने कोठे लावू नका, मी येतो, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी ती जोडल्याबरोबर अपेक्षेप्रमाणे एमडी१२७ उभे राहिले. या वेळी ते थांबवून, खूण न पुसता, ‘एमडीअ‍ॅडम --असेंबल --रन --रीडओन्ली’ या कमांडला एमडी० हे नाव आणि ती डिस्क देऊन रेड एका पायावर उभा केला आणि फक्त वाचण्यापुरता माउंट केला. आरशाच्या जोडीतल्या प्रत्येक डिस्कवर सगळे काही असते. आत जुन्या कार्यालयाची पत्रके होती आणि मालकांच्या वडिलांच्या काळातल्या नक्षींचे स्कॅन होते, जे कोठेतरी हरवले असे घरात सगळ्यांनी धरून चालले होते. ते उतरवून घ्यायला दुपार गेली. त्यानंतरच झीरो-सुपरब्लॉक दिले.